खाटेवरचा चौकोन

बाबांच्या डोळ्यात माती पडली त्या दिवशी मी घराला सिलिंग करायचं ठरवलं.

आमचं गाव धसईच्या पुढं. बाजाराची वर्दळ मागं टाकून रस्ता भातखाचरांतून आत वळला की लागतं. घर विटांचं, कौलारू. पुढं ओटी, मधे माजघर, मागं चुलीची खोली. अशा घराच्या छपरातून सदा काही ना काही खाली पडत असतं. वाशांवरून उंदीर पळाले की धूळ पडते, वाळवीचा भुसा पडतो, एखादे वेळी पालसुद्धा पडते. हिंडत्याफिरत्या माणसाला त्याचं काही नसतं, अंग झटकलं की झालं. पण लकव्यानं बाबांची उजवी बाजू गेली आणि तेव्हापासून ते माजघरात खाटेवर उताणे पडून होते. वरून येईल ते त्यांच्या तोंडावर येई आणि त्यांना ते चुकवता येत नसे. त्या शनिवारी मी घरी पोचले तर आई ओल्या फडक्यानं त्यांचा डोळा पुसत बसली होती. डोळा लालभडक झाला होता. किती वेळ ती माती डोळ्यात होती कोण जाणे, आई विहिरीवर गेली होती.

मी मास्तरीण आहे. खर्डीच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, संसार शहापूरला. शनिवारी शाळा सुटली की किन्हवलीवरून गाडी पकडून माहेर गाठायचं आणि रविवारी संध्याकाळी परतायचं, असं माझं तेव्हा चाललं होतं. आईबापाला मी एकटीच. स्वभाव तापट. अडचण समोर दिसली की तिच्यावर तुटून पडायचं, डोक्याला हात लावून बसायचं नाही, हे मी बाबांकडून उचललेलं. डोळा पुसून झाला तेव्हा मी मान वर करून छपराकडे बघितलं आणि मनात म्हटलं, थांब, तुझा बंदोबस्त करते.

छपराशी बाबांचा घरोबा जुना. पावसाळा तोंडावर आला की गावातली घरं शाकारायला त्यांनाच बोलावणं यायचं. फुटकी कौलं काढायची, सरकलेली बसवायची, कुजका वासा बदलायचा. अंगानं हलके होते. कौलांवर अनवाणी चालायचे आणि खाली माजघरात बसलेल्याला वर माणूस आहे हे कळायचंही नाही. गावात नवीन पोरं पत्र्याची घरं बांधायला लागली तशी ही बोलावणी कमी झाली, पण आमच्या घरावर त्यांनी पत्रा येऊ दिला नाही. पत्र्याखाली माणूस भाजून निघतं, असं म्हणायचे. आता मी त्याच छपराखाली दुसरं छप्पर टांगायला निघाले होते आणि त्यावर त्यांचं मत विचारायची सोय नव्हती.

कारण लकव्यानं बाबांचे सगळे शब्द नेले होते, एक सोडून. डॉक्टर म्हणाले, असं होतं. कोणाकडे एखादी शिवी उरते, कोणाकडे एखादं नाव. बाबांकडे ‘कौल’ उरला. तहान लागली तर ते डाव्या हातानं तांब्या दाखवत, कूस बदलायची असली तर खाटेची कड धरत. तेव्हा शब्द नसे. पण अधूनमधून, बहुतेक दुपारच्या शांततेत, ते आईकडे नाहीतर माझ्याकडे बघत, तोंड वाकडं करून जीभ जुळवत आणि मोठ्या कष्टानं म्हणत, “कौल.” मग आम्ही काय करतो ते बघत राहत.

आई म्हणाली, बोट वर करतायत ते देवाकडे, देवाचा कौल मागतायत. तिनं ते इतक्या खात्रीनं सांगितलं की कोणालाच दुसरं काही सुचलं नाही. आमच्याकडे त्यात नवल काही नव्हतं. जमिनीचा तुकडा घ्यायचा असो, पोरीला स्थळ आलेलं असो, म्हसा गावच्या जत्रेत बैल बघायला निघायचं असो, आधी गावदेवीपुढं जाऊन विचारायचं. भगत देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, आपण सवाल घालायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाबा स्वतः कितीदा तिथं बसले होते. तेव्हा अंथरुणाला खिळलेला माणूस देवीला विचारा म्हणतोय, यात न समजण्यासारखं काय होतं?

आम्ही गेलो. आई, मी आणि शेजारच्या दोघी. देवळात गारवा होता. आईनं पदर पसरला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा सवाल घातला की माझा धनी उठून पुन्हा चालेल का. भगतानं डोळे मिटले. पाकळी पडायला फार वेळ लागला नाही, आणि पडली ती उजवी. आईनं जमिनीला डोकं टेकलं ते लवकर उचललंच नाही. शाळेत मी पोरांना या गोष्टी मानू नका म्हणून सांगते. त्या दिवशी मात्र मला आनंद झाला, अगदी पोटातून झाला, आणि घरी येताना मी बांधावरून जवळजवळ पळतच आले.

बाबांच्या उशाशी बसून मी त्यांना सांगितलं, “बाबा, कौल मिलाला. उजवा. तुमी उठनार.” घरात शिरलं की माझ्या तोंडी घरचीच भाषा येते.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले, डाव्या हाताची मूठ खाटेच्या कडेवर आपटली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. शेजारणी म्हणाल्या, बिचाऱ्याला गहिवरून आलं. मलाही तसंच वाटलं. आईनं त्यांचे डोळे पुसले, तांदूळ निवडायला घेतले आणि निवडून झालेलेच पुन्हा निवडत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा म्हणाले, “कौल.”

आता देवीनं होकार दिलाय म्हटल्यावर मला दमच निघेना. बाबा उठायचे आहेत, त्याला वेळ लागणार, महिने लागतील, तोवर त्यांनी स्वच्छ जागेत पडायला हवं, असा माझा सरळ हिशेब होता. आधी मी अखंड पांढऱ्या सिलिंगचं बघितलं, जे शहापुरात घरोघरी दिसतं. मुरबाडहून आलेल्या मिस्त्रीनं घर बघून मान हलवली. लाकडी छप्पर पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं, अखंड सिलिंगला वर्षात तडे जातील म्हणाला. त्यापेक्षा पट्ट्यांची जाळी टांगू. पत्र्याच्या पांढऱ्या पट्ट्या तारांनी वरच्या तुळईला टांगायच्या, त्यांचे दोन-दोन फुटांचे चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनात एक पांढरी टाइल नुसती ठेवून द्यायची. मला काय, बाबांच्या डोळ्यात माती जाणार नाही एवढं बस होतं. लावा म्हटलं.

काम सुरू झालं तेव्हा माघ संपत आला होता. मी शाळेत रजा टाकली. मिस्त्री आणि त्याचा जोडीदार दोघे सकाळी मुरबाडवरून मोटारसायकलीनं यायचे, मागं पट्ट्यांचा गठ्ठा बांधलेला. पहिल्या दिवशी त्यांनी एक छोटं यंत्र स्टुलावर ठेवलं आणि माजघराच्या चारी भिंतींवर तांबड्या उजेडाची एक रेघ उमटली. त्या रेघेनं आमच्या घराची सगळी लक्तरं वेशीवर टांगली. एकही भिंत सरळ नव्हती. देवळीच्या बाजूला भिंत पोटासारखी पुढं आलेली, चुलीकडची मागं कललेली. मिस्त्री कपाळाला आठ्या घालून बघत होता. मला उगाच राग आला. म्हटलं, घर उभं आहे ना, मग तुम्ही तुमची पट्टी मारा. तो बिचारा भिंतीला भोकं पाडायला लागला.

बाबा ती तांबडी रेघ बघत होते. खाट आम्ही ओटीवर हलवणार होतो, पण ते खाटेची कड सोडेनात. शेवटी खाट माजघरातच राहिली, त्यांच्या अंगावर जुनी चादर धरायची आणि त्यांच्या डोक्यावरचा भाग सगळ्यात शेवटी करायचा असं ठरलं. तारा खाली आल्या, पट्ट्या टांगल्या गेल्या, आडव्या पट्ट्या खटाखट अडकल्या आणि माजघरावर रिकाम्या चौकोनांची जाळी तयार झाली. त्यातून अजून वासे दिसत होते, कौलं दिसत होती. मग दाराकडून टाइला बसायला लागल्या. टाइल तिरकी करून चौकोनातून वर घालायची, वर गेली की आडवी करायची आणि अलगद खाली सोडायची. मिस्त्री प्रत्येक वेळी हात पुसून टाइल धरायचा आणि आम्हालाही सांगायचा, हात लावू नका, डाग पडला की जात नाही. एकेक चौकोन पांढरा होत जात होता आणि छप्पर दिसेनासं होत होतं.

आणि बाबा तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लागले. आधी दिवसातून एकदा म्हणायचे, आता तासाला म्हणायला लागले. आवाज चढायला लागला. आई त्यांच्या पायाशी बसून समजूत घालायची, अवो दिला ना देवीनं, उजवा दिला, आता किती इचारायचं? कौल एकदा मिळाला की तोच सवाल पुन्हा घालायचा नसतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच. मला वाटलं, डोकं भरकटायला लागलं. त्या विचारानं माझा जीव अर्धा झाला आणि नेहमीप्रमाणे मी त्याचा राग मिस्त्रीवर काढला. म्हटलं, आवरा लवकर, माणसाला त्रास होतोय.

खाटेवरची शेवटची रांग उरली होती. मिस्त्री शिडीवर चढला, मोकळ्या चौकोनातून डोकं वर घातलं आणि टॉर्च मारून बघितलं. मग वरूनच मला म्हणाला, “ताई, इथलं एक कौल फुटलंय. खाटेच्या बरोबर वर. आधी ते बदलून घ्या.”

खाली खाटेवर बाबांचा डावा हात उठला. सरळ वर, त्या चौकोनाकडे. ते म्हणाले, “कौल.” माझ्याकडे बघितलं, पुन्हा वर बोट केलं, पुन्हा म्हणाले, “कौल.” त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लकव्यानंतर पहिल्यांदा बघत होते. कोणीतरी एकदाचं बरोबर बोललं, असं ते तोंड होतं.

मी पोरांना व्याकरण शिकवते. काही शब्द लिंग बदललं की अर्थ बदलतात, हे फळ्यावर लिहून देते. तो कौल देवाचा, ते कौल छपराचं. बाबांच्या तोंडून नुसतं नाम यायचं, मागंपुढं काही नसायचं, त्यामुळं तो की ते हे कळायला मार्ग नव्हता. आणि फुटलेलं सोडलं तर छपरावरच्या कौलाला एकवचनात कोणी हाक मारत नाही. ती कौलं, कायम अनेकात. एकच कौल कधी म्हटलं जातं ते मला त्या क्षणी आठवलं.

माणूस जाता जाता अडकला, जीव कंठाशी येऊन राहिला, ना इकडचा ना तिकडचा, तर आमच्याकडे त्याच्या डोक्यावरचं कौल काढतात. एकच. वाट मोकळी करतात. घरच्यांचे हात त्याला धजत नाहीत, म्हणून बाहेरचा माणूस बोलावतात आणि आमच्या गावात तो माणूस म्हणजे बाबा होते. बोलावणं यायचं ते मोठ्यानं यायचं नाही. कोणीतरी ओटीच्या खाली उभं राहायचं आणि बाबा जेवत असले तरी हात धुऊन उठायचे. परत यायचे ते पुढल्या दारानं नाही. आई मागं परड्यात पाणी तापवून ठेवायची, ते अंघोळ करूनच घरात यायचे. लहानपणी मी एकदा विचारलं होतं की मग ते कौल परत कोण बसवतं. बाबा म्हणाले होते, ज्यानं काढलं त्यानंच बसवायचं. माणसाला घराबाहेर नेलं की त्याच हातानं. मधे दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. आईलाही होतं.

मी वळून बघितलं तर आई माजघरात नव्हती. मागं परड्यात, जिथं ती पाणी तापवायची त्या चुलाण्याशी, नुसतीच उभी होती. चुलाणं थंड होतं. मी काही विचारायच्या आधीच ती बोलली.

“मला ठावं होतं गो. पयल्या दिसापासून.”

मला संताप आवरेना. माणूस तीन महिने घसा फोडून एकच गोष्ट मागतोय आणि ही त्याला देवळातली फुलं दाखवते. मी तिला नाही नाही ते बोलले. ती ऐकून घेत होती. माझा श्वास संपला तेव्हा ती पदरानं हात पुसत म्हणाली, “देवीला मी इचारला त्यो सवाल माजा व्हता, त्यांचा नव्हता. त्यांनी एवड्यांच्या डोक्यावरचं काडलं. त्यांच्या डोक्यावरचं कोन काडील, ह्येच पुसत व्हते ते. आनि मी कोनाचं नाव सांगू?”

मग ती रडली. मी तिला तसं रडताना पूर्वी कधी बघितलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. ती खोटं का बोलली ते मला कळलं, कारण उजवी पाकळी पडली तेव्हा बांधावरून पळत आलेली मीच होते. आम्ही दोघींनी मिळून त्यांचं बोलणं आमच्या सोयीनं ऐकलं होतं. मी इथं त्यांना जगवायला सिलिंग टांगत होते आणि ते खाली पडून आपली वाट बुजताना बघत होते.

आत आले तेव्हा मिस्त्री टाइल हातात घेऊन थांबला होता. कौलारू घरात वारा वरून शिरतो आणि टाइला उचलल्या जातात, म्हणून तो प्रत्येक टाइलीच्या वर चिमट्या लावून ती पक्की करत होता. मी म्हटलं, खाटेवरच्या टाइलीला चिमट्या लावू नका. ती नुसती ठेवा. त्यानं कारण विचारलं. वर कधी कौल बदलायला लागेल, असं मी सांगितलं. ते खोटंही नव्हतं. तो म्हणाला, वाऱ्यानं वाजेल हां. वाजू दे, म्हटलं.

फुटलेलं कौल शेजारच्यानं वर चढून बदललं. मिस्त्रीनं टाइल ठेवली. ते दोघे सामान बांधून गेले आणि घर एकदम गप्प झालं. माजघर इतकं पांढरं आणि बुटकं दिसत होतं की ते आमचं वाटेना. मी बाबांच्या उशाशी बसले. डाव्या हातात माझा हात दिला आणि सांगितलं, “बाबा, वरचा चौकोन सुटा ठेवलाय. हात लावला का निगतो. मी हाय.”

त्यांनी वर बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग माझ्या हातावरची त्यांची पकड सैल झाली. त्यानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. लकव्यानं एक शब्द शिल्लक ठेवला होता, त्याचं काम झालं तसा त्यांनी तोही ठेवून दिला. घरात मग काहीच बोलणं उरलं नाही आणि मी दर शनिवारी त्या शांततेत येऊन बसायला लागले. वारा सुटला की खाटेवरची टाइल हलकेच टकटक करायची. बाबा डोळे उघडून तिच्याकडे बघायचे आणि पुन्हा मिटायचे. डोळ्यात माती काही पुन्हा पडली नाही, एवढं सिलिंगनं केलं.

चैत्रात त्यांचं खाणं सुटलं, मग पाणीही घशाखाली उतरेना. मला फोन आला तशी मी शाळेतूनच निघाले. घरी पोचले तेव्हा ओटीवर माणसं बसली होती. बाबांचा श्वास लागला होता. एक श्वास घरघरत आत जायचा आणि तिथंच राहायचा, इतका वेळ की आम्ही एकमेकींकडे बघायचो, आणि मग तो परत यायचा. त्या दिवशी तसंच, रात्रभर तसंच, दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी तसंच. तुळशीचं पाणी ओठांवरून गालावर जात होतं. ओटीवरची म्हातारी माणसं काही सुचवत नव्हती. ती नुसती मधूनमधून मान वर करून छपराकडे बघायची आणि खाली घालायची. ज्याला बोलवायचं तोच आत पडलेला होता.

मी आईकडे बघत होते. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. तिला डावलून मी हात वर करणार नव्हते, मग कितीही वेळ लागो. ती त्यांच्या तळव्यावरून हात फिरवत होती. उन्हं चांगली वर आली होती. तिनं त्यांचे दोन्ही पाय सारखे केले, चादर ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “काड.”

स्टूल खाटेशी लावलं. वर चढले. चार बोटांनी टाइल वर ढकलली आणि ती उचलली गेली. तिला काहीच वजन नव्हतं. बाजूला सरकवून चौकोनातून डोकं वर घातलं. पांढऱ्या टाइलींच्या वर आमचं जुनं घर तसंच होतं, काळं, धुरकट, जाळ्याजळमटांचं, बाबांनी बसवलेल्या वाशांचं. गरम हवा तोंडावर आली. काठीनं मी ते कौल खालून उचललं आणि वर सरकवलं. ते नवीनच होतं, पटकन सरकलं. ऊन एकदम आत आलं, माझ्या खांद्यावरून चौकोनातून खाली खाटेवर गेलं. मी खाली उतरेपर्यंत आई त्यांचे डोळे मिटत होती. त्या उन्हात धूळ तरंगत होती. ती त्यांच्या तोंडावर पडत होती आणि कोणी पुसत नव्हतं.

पुरुष माणसं त्यांना घेऊन गेली. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मागं आम्ही बायकाच उरलो आणि डोक्यावरचं कौल उघडं. शेजारीण म्हणाली, पुरुष परत येऊ देत, कोणीतरी बसवील. मी म्हटलं, मी काढलंय. मग दोघींनी शिडी धरली, मी साडी खोचली आणि बापाच्या छपरावर जन्मात पहिल्यांदा चढले. पाय कुठं द्यायचा ते मला माहीत होतं, वासा असेल तिथं, कौलाच्या मधोमध नाही; पण माहीत असणं वेगळं. एक कौल माझ्या पायाखाली फुटलंच. मी तशीच चार पायांवर सरकत गेले. तिथून खाचरांच्या पलीकडे ओढ्याकाठी धूर दिसत होता. मी त्याच्याकडे फार वेळ बघितलं नाही. कौल खाली ओढून त्याच्या खाचेत बसवलं, हातानं दाबून बघितलं आणि उतरले.

आत येऊन स्टुलावर चढून टाइलही जागेवर सोडली. मिस्त्री सांगायचा तसे हात पुसायचं भान मला नव्हतं. छपराची काजळी लागलेली माझी चार बोटं तिच्यावर उमटली. तेरावं झाल्यावर मी साबणाचं फडकं घेऊन पुसायला गेले तर आईनं स्टूल काढून घेतलं.

आता मी शनिवारी जाते तेव्हा आई माजघरात त्याच खाटेवर झोपलेली असते, त्याच जागी, उताणी. आधी ती कायम चुलीच्या खोलीत निजायची. मी म्हटलं, मिस्त्रीला बोलावते, एवढ्या एका टाइलीला चिमट्या लावून टाकू, वाऱ्यानं वाजते, तुझी झोप मोडते. ती नको म्हणाली. काळ्या बोटांच्या त्या चौकोनाकडे बघून मग माझ्या पायाकडे नजर टाकत म्हणाली, “शिकलीस ना वर चडायला? बरं झालं.”